गाडीची वही आणि माणसाची वही

शुक्रवारी शाळा सुटून आम्ही घरी पोहोचतो, चहाचे आधण ठेवतो, आणि तेवढ्यात फोन वाजतो. कुवेतमध्ये शुक्रवार हा सुट्टीचा दिवस. आमच्याकडे दुपारचे चार वाजले की त्यांच्याकडे तीन वाजलेले असतात. आमच्या थोरल्या बहिणीचा मुलगा तेथे मीना अब्दुल्ला या ठिकाणी एका मालवाहू कंपनीत व्हॅन चालवतो. आठवडाभराची हकिगत तो शुक्रवारी सांगतो, आईला सांगण्यासारखी नसेल ती मावशीला सांगतो.

मीना अब्दुल्ला म्हणजे अब्दुल्लाचे बंदर. कुवेत शहराच्या दक्षिणेला, आखाताच्या काठी हे ठिकाण आहे. एका बाजूला शुऐबा बंदर आणि तेथील कारखाने, दुसऱ्या बाजूला वाळवंट. येथील तेलशुद्धीकरण कारखाना १९५८ साली अमिनॉइल या अमेरिकन कंपनीने उभारला. पुढे तो कुवेत सरकारच्या ताब्यात आला, आणि २०२२ साली पूर्ण झालेल्या मोठ्या सुधारणेनंतर त्याची क्षमता दिवसाला सुमारे साडेचार लाख पिंपांची झाली. कारखान्याच्या भोवताली गुदामांच्या रांगा. ‘मावशी, येथे झाड शोधावे लागते, पण गाडी शोधावी लागत नाही,’ असे आमचा भाचा म्हणतो. ट्रक, टँकर, व्हॅन, बस यांची रीघ पहाटेपासून रात्रीपर्यंत चालू असते.

अशाच एका शुक्रवारी त्याचा आवाज पडलेला होता. खोदून विचारले तेव्हा कळले की कंपनीने त्याच्या पगारातून पंधरा दिनार कापले होते. पंधरा दिनार म्हणजे आपल्या दोन हजार रुपयांहून अधिक. पैशापेक्षा त्याला आरोप लागला होता. कंपनीचे म्हणणे असे की तो पहाटे चार वाजता कोणालाही न विचारता व्हॅन बाहेर काढतो, आणि दुपारी दीड-पावणेदोननंतर व्हॅन उभी करून स्वस्थ बसतो.

‘मी सातला निघतो मावशी, आणि पावणेपाचला परत येतो. देवाशप्पथ!’

‘मग त्यांना सांग ना तसे.’

‘सांगितले. ते म्हणतात, डबा खोटे बोलत नाही.’

हा डबा म्हणजे काय, ते आधी सांगितले पाहिजे, कारण आज आपल्या बेटावरही शेकडो ट्रक आणि व्हॅनमध्ये तो बसवलेला आहे.

डबा काय लिहितो?

हातात मावेल एवढे हे यंत्र असते. ते गाडीच्या बॅटरीला जोडलेले असते. पृथ्वीपासून सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांचे संकेत ते झेलते आणि त्यांवरून गाडी या घटकेला कोठे आहे ते काढते. त्यात मोबाइल फोनसारखेच एक सिमकार्ड असते. त्याच्या साहाय्याने गाडीचे ठिकाण, वेग, इंजिन चालू की बंद, ही सर्व माहिती थोड्या थोड्या वेळाने कंपनीच्या संगणकाकडे जाते. साहेब कचेरीत बसून पडद्यावर पाहतो आणि त्याला सगळ्या गाड्या मुंग्यांप्रमाणे हलताना दिसतात.

थोडक्यात, गाडी आपली रोजनिशी आपणच लिहिते. चालकाच्या हाती लेखणी नाही आणि वाचण्याची मुभाही नाही.

आमच्या भाच्याला मात्र एक जुनी सवय आहे. त्याचे आजोबा, म्हणजे आमचे वडील, उसाच्या लॉरीवर होते. प्रत्येक खेपेची वेळ ते एका छोट्या वहीत पेन्सिलीने लिहीत असत. नातवाने ती सवय उचलली. तो रोज वहीत निघण्याची वेळ, गुदामाच्या फाटकावरची वेळ आणि परतण्याची वेळ लिहितो, आणि फाटकावर मिळणाऱ्या छापील पावत्या त्याच वहीत खोचून ठेवतो.

आम्ही त्याला म्हटले, वहीच्या पानांची छायाचित्रे पाठव, आणि कंपनीने तुला दाखवलेल्या कागदाचेही पाठव. त्या रात्री मुलांच्या वह्या बाजूला सारून आम्ही ही अनोखी वही तपासायला बसलो.

मोका येथील महात्मा गांधी संस्थेत शिक्षकाचे प्रशिक्षण घेताना आम्हाला एक गोष्ट मनावर बिंबवून सांगितली होती. मुलाचे उत्तर चुकले की लगेच तांबडी रेघ मारू नये. चूक कशी झाली ते आधी पाहावे. दहा उत्तरे दहा तऱ्हांनी चुकली असतील तर मुलाने अभ्यास केलेला नाही. पण दहाही उत्तरे एकाच फरकाने चुकली असतील तर मूल आळशी नाही, त्याची एकच पायरी कोठेतरी चुकली आहे.

वहीत लिहिले होते, निघालो ७ वाजून १० मिनिटांनी. डबा म्हणत होता, ४ वाजून १० मिनिटे. वहीत गुदामाचे फाटक १० वाजून २५, डब्यात ७ वाजून २५. वहीत परत आलो ४ वाजून ४० मिनिटांनी, डब्यात दुपारचे १ वाजून ४०. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. एक-दोन मिनिटांची तफावत सोडली तर सर्वत्र तीन तासांचा फरक. ना कमी, ना जास्त.

चूक सापडली होती. उपग्रहांकडून जी वेळ मिळते ती साऱ्या जगाची एकच असते, आणि तिचा मेळ ग्रिनिचच्या वेळेशी घातलेला असतो. मॉरिशस ग्रिनिचच्या चार तास पुढे आहे, कुवेत तीन तास पुढे. डब्याची वेळ स्थानिक वेळेत बदलण्याचे काम संगणकात एकदा नेमून द्यावे लागते. भाच्याच्या व्हॅनमध्ये काही आठवड्यांपूर्वीच नवा डबा बसवला होता. बसवणाऱ्याने ती एक गोष्ट केली नव्हती. डबा खोटे बोलत नव्हता, हे साहेबांचे म्हणणे खरेच होते. तो ग्रिनिचची वेळ सांगत होता, आणि साहेब ती कुवेतची समजून वाचत होते.

साक्षीदार खरा, पण त्याची भाषा कळली पाहिजे

अपघात किंवा गुन्हा झाल्यावर गाडीतील यंत्रांची स्मृती तपासून सत्य शोधणे, हे आज पोलिसी तपासाचे एक स्वतंत्र शास्त्र झाले आहे. त्याचे पहिले धडे अगदी साधे आहेत. मूळ नोंदीला हात लावायचा नाही, तिची तंतोतंत प्रत काढायची आणि काम प्रतीवर करायचे. ती प्रत पुढे कोणी बदलली नाही हे सिद्ध व्हावे म्हणून तिच्यावरून गणिताने एक लांब संख्या काढून ठेवायची. नोंदीतले एक अक्षर बदलले तरी ती संख्या बदलते. वस्तू कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली हे लिहून ठेवायचे. आणि यंत्राचे घड्याळ खऱ्या वेळेच्या किती पुढे वा मागे आहे, हे तपासायचे. मीना अब्दुल्लाच्या त्या कचेरीत या शेवटच्या धड्याची आठवण कोणाला झाली नाही, एवढेच.

हे शास्त्र नीट वापरले तर केवढे काम करते, याचे उदाहरण आपल्या पूर्वजांच्या महाराष्ट्रातच आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांच्या मोटारीला पालघर जिल्ह्यात अपघात झाला. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर, सूर्या नदीच्या पुलावर, मोटार कठड्याला धडकली. मागच्या आसनांवर बसलेले मिस्त्री आणि त्यांचे एक सहप्रवासी यांचा मृत्यू झाला. दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता. मोटार कोणत्या वेगाने होती, यावर लोकांनी नाना तर्क केले. मोटार मर्सिडीज-बेंझ कंपनीची होती. कंपनीने मोटारीतील यंत्रांची नोंद वाचून पालघर पोलिसांना जो अहवाल दिला, त्यात म्हटले होते की धडकेच्या पाच सेकंद आधी मोटारीचा वेग ताशी १०० किलोमीटर होता, मग ब्रेक दाबला गेला, आणि धडकेच्या क्षणी वेग ८९ किलोमीटर होता. माणसाला जे आठवणे शक्य नव्हते ते यंत्राला आठवले.

युरोपमध्ये तर जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या मोटारीत असे नोंदयंत्र असणे सक्तीचे आहे. धडकेपूर्वीच्या पाच सेकंदांतला वेग, ब्रेक, पट्टा यांची नोंद ते जपून ठेवते. विमानातील काळ्या पेटीचे हे धाकटे भावंड होय.

परंतु पालघरच्या प्रकरणातील एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अपघात महाराष्ट्रात, तपास महाराष्ट्र पोलिसांचा, पण मोटारीची वही वाचून दाखवायला मोटार बनवणाऱ्या कंपनीकडेच जावे लागले. तेथे कंपनीने माहिती दिली. दर वेळी तसे होईलच असे नाही. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात २ ऑक्टोबर २०२३ रोजी एका पादचारी स्त्रीला दुसऱ्या एका मोटारीने उडवले, आणि ती क्रूझ नावाच्या कंपनीच्या चालकरहित टॅक्सीसमोर फेकली गेली. टॅक्सीने तिला धडक दिली, थांबली, आणि मग रस्त्याच्या कडेला जाण्यासाठी पुन्हा निघाली. ती स्त्री खालीच अडकलेली होती. सुमारे वीस फूट ती फरफटत गेली. टॅक्सीच्या कॅमेऱ्यांनी हे सगळे टिपले होते. पण फरफटण्याचा भाग कंपनीने आपल्याला सुरुवातीला दाखवलाच नाही, असे कॅलिफोर्नियाच्या मोटार खात्याने जाहीर केले, आणि २४ ऑक्टोबरला त्या टॅक्स्यांचा परवाना थांबवला. डिसेंबर २०२४ मध्ये मालक कंपनीने तो टॅक्सीचा धंदाच सोडून दिला.

चालकरहित गाडीत चालकाची साक्ष नसते. तेथे गाडीची वही हीच एकमेव साक्ष, आणि ती वही कंपनीच्या कपाटात. आखातातही अबूधाबीसारख्या शहरात अशा टॅक्स्या धावू लागल्या आहेत. म्हणून ही गोष्ट दूर अमेरिकेची आहे असे मानू नये.

मागे राहिलेली आठवण

आता पुन्हा मीना अब्दुल्लाकडे येऊ. तेथे वाहतूक खात्याने जप्त केलेल्या गाड्या ठेवण्याचे एक आवार आहे. भाचा त्याच्यावरून जातो. तो म्हणतो, कुंपणापलीकडे धुळीने माखलेल्या गाड्या एकीला एक लागून उभ्या असतात. कोणी नियम मोडला म्हणून आणलेल्या, कोणी टाकून दिल्या म्हणून उचललेल्या. कुवेतमध्ये बहुसंख्य रहिवासी परदेशी आहेत. नोकरी सुटली की माणूस आपल्या देशी जातो. २०२३ च्या ऑगस्टपासून तेथे असा नियम आहे की परदेशी माणसाने वाहतुकीचा दंड भरल्याशिवाय देश सोडू नये. माणूस दंड भरतो, सामान बांधतो, गाडी विकतो, नाहीतर ठेवून जातो.

सामान तो नेतो. पण गाडीच्या पोटात त्याचे काय काय राहते?

ज्या गाडीत पडदा आहे आणि तिला आपण कधी फोन जोडला आहे, तिच्यात सहसा आपल्या ओळखीच्या लोकांची नावे आणि फोन नंबर उतरलेले असतात. कोणाला केव्हा फोन केला ते राहते. रस्ता दाखवणाऱ्या यंत्रात घराचा पत्ता, मुलांच्या शाळेचा पत्ता, डॉक्टरांचा पत्ता राहतो. काही गाड्या दार केव्हा उघडले, गिअर केव्हा टाकला, हेसुद्धा लिहून ठेवतात. अमेरिकेतील बर्ला ही कंपनी पोलिसांसाठी नेमकी हीच माहिती गाडीतून बाहेर काढण्याची साधने बनवते. पोलिसांना जे वाचता येते ते इतर कोणाला कधीच वाचता येणार नाही, असे म्हणण्यात अर्थ नाही.

आणि वाचकहो, यात आपला संबंध फार जवळचा आहे. आपल्या बेटावर किती घरांत जपानहून आलेली रिकंडिशन्ड लोटो आहे! आमच्याही घरी आहे. गाडी सुरू केली की एक जपानी बाई गोड आवाजात काहीतरी सांगते. मुले तिला हसतात, नक्कल करतात. त्या पडद्यावर एकदा आमच्या मुलाने सहज बोट फिरवले, तेव्हा जपानी अक्षरांत काही ठिकाणांची यादी निघाली. फोनमधल्या भाषांतराच्या सोयीने पाहिले तर पहिल्याच ओळीत ‘घर’ असा शब्द होता. कोण्या अनोळखी जपानी कुटुंबाचे घर आमच्या व्हाक्वाच्या अंगणात येऊन उभे होते. आम्ही ती यादी पुसून टाकली. पण मनात आले, आमची आधीची गाडी आम्ही विकली तेव्हा तिच्यातली आमची यादी कोणी पुसली? आम्ही तर नाही.

एकेका गाडीची ही कथा झाली. सगळ्या गाड्यांच्या वह्या एकाच कोठारात ठेवल्या आणि कोठाराला कडी लावायचे राहिले तर? तेही घडले आहे. मे २०२३ मध्ये टोयोटा कंपनीने जाहीर केले की जपानमधील सुमारे साडेएकवीस लाख ग्राहकांच्या गाड्यांची माहिती, गाडी कोठे होती ती ठिकाणे धरून, नोव्हेंबर २०१३ पासून एप्रिल २०२३ पर्यंत, म्हणजे जवळजवळ दहा वर्षे, बाहेरच्या माणसाला पाहता येईल अशा स्थितीत पडून होती. डिसेंबर २०२४ मध्ये जर्मनीत उघड झाले की फोक्सवागन समूहाच्या सुमारे आठ लाख विजेवरच्या गाड्यांची माहिती अशीच उघडी राहिली होती, आणि त्यांतल्या लाखो गाड्यांची अगदी नेमकी ठिकाणे त्यात होती. गाडी रात्री कोठे उभी राहते, हे कळले की माणूस कोठे झोपतो ते कळते. दर रविवारी कोठे जाते, यावरून त्याचा धर्म कळतो. दवाखान्यासमोर वारंवार थांबते, यावरून त्याचे दुखणे कळते.

वही वाचणे ही एक गोष्ट झाली. दुरून गाडीचे चाक धरणे ही त्याहून भयंकर. २०१५ च्या जुलैमध्ये चार्ली मिलर आणि ख्रिस वॅलसेक या दोन संशोधकांनी घरी बसून, इंटरनेटवरून, महामार्गावर धावणाऱ्या एका जीप चेरोकीचा वेग मारून दाखवला. आत बसलेल्या वार्ताहराला हे होणार हे ठाऊक होते, तरी तो घाबरला. गाडीच्या गाण्यांच्या पडद्याला मोबाइलची जोडणी होती, आणि त्या वाटेने ते इंजिनापर्यंत पोहोचले होते. कंपनीला १४ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. पुढच्या दाराला भक्कम कुलूप, आणि गोठ्याचे दार सताड उघडे, असा तो प्रकार होता.

कायदा काय म्हणतो?

या धड्यांतून जग काही शिकलेच नाही असे नाही. मोटारींच्या सायबर सुरक्षेचा संयुक्त राष्ट्रांचा नियम २०२१ च्या जानेवारीत अमलात आला, आणि युरोपमध्ये जुलै २०२४ पासून सर्व नव्या मोटारींना तो लागू आहे. गाडी बनवताना कोणकोणत्या दारांनी चोर शिरू शकेल याचा विचार कंपनीने करावा आणि गाडी विकल्यानंतरही लक्ष ठेवावे, असा त्याचा आशय. भारतात पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन, जी १९६६ साली स्थापन झाली, अशी मानके प्रसिद्ध करते. एआयएस १४० या मानकानुसार नव्या प्रवासी वाहनांत ठिकाण सांगणारे यंत्र आणि संकटकाळी दाबायचे बटण असावे लागते. त्याच मालिकेतले एआयएस १८९ हे मानक सायबर सुरक्षेविषयी आहे.

बसमध्ये एकट्या बसलेल्या मुलीसाठी ते बटण म्हणजे आधार आहे. तेच यंत्र चालकावर दिवसभर डोळा ठेवते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि एकीसाठी दुसरी नाकारता येत नाही. प्रश्न एवढाच की ज्याच्याविषयी लिहिले जाते त्याला ते वाचता येते का?

आपल्या मॉरिशसमध्ये याचे उत्तर कायद्यात आहे. आपला माहिती संरक्षणाचा कायदा २०१७ साली संमत झाला आणि १५ जानेवारी २०१८ पासून लागू आहे. आपल्याविषयी कोणती माहिती कोणी ठेवली आहे हे लेखी मागणी करून जाणून घेण्याचा आणि चुकीची माहिती दुरुस्त करून मागण्याचा हक्क त्याने आपल्याला दिला आहे. हा हक्क नोकरदाराला मालकाकडेही आहे. डेटा प्रोटेक्शन ऑफिस नावाचे सरकारी कार्यालय त्यासाठी आहे. आपल्यापैकी कितीजणांना हे माहीत आहे? आम्हालाही भाच्याच्या प्रकरणानंतरच कायदा उघडून पाहावासा वाटला, हे आम्ही कबूल करतो.

आपण काय करावे?

तज्ज्ञ होण्याची गरज नाही. घर सोडताना आपण जसे देव्हारा, कपाटे, माळा रिकामा करून निघतो, तसेच गाडीचे करावे.

गाडी विकण्यापूर्वी तिच्या पडद्यावरून आपला फोन काढून टाकावा, घराचा पत्ता आणि जुनी ठिकाणे पुसावीत, आणि गाडी कारखान्यातून आली तशी कोरी करण्याची सोय असते ती वापरावी. पुढच्या काचेवरच्या कॅमेऱ्यातील कार्ड काढून घ्यावे. फोनमधून गाडीचे दार उघडण्याची सोय असेल तर आपले नाव त्यातून काढून टाकावे.

जुनी गाडी घेताना विक्रेत्याला विचारावे की आधीच्या मालकाचा फोन अजून हिच्याशी जोडलेला नाही ना? नाहीतर आपण कोठे आहोत हे तो बसल्या जागी पाहील.

भाड्याच्या गाडीला फोन जोडू नये. जोडलाच तर परत देताना काढावा. आपल्या बेटावर पर्यटकांना गाड्या भाड्याने देणारे पुष्कळ आहेत. त्यांनी प्रत्येक ग्राहकानंतर गादी झाडावी तशी ही स्मृतीही झाडावी, असे आम्हाला वाटते.

अपघात झाला आणि वाद असेल तर गाडीची नोंद जपून ठेवावी अशी मागणी लगेच लेखी करावी. आणि नोंद हाती आली की पहिला प्रश्न विचारावा, ही वेळ कोणत्या देशाची?

शेवटची गोष्ट कंपनीची गाडी चालवणाऱ्यांसाठी. खिशात एक छोटी वही ठेवावी. तिला बॅटरी लागत नाही, आणि ती आपली असते.

तीन तासांचा हिशेब

भाच्याने दुसऱ्याच दिवशी वहीची पाने, पावत्या आणि कंपनीचा कागद असे तिन्ही शेजारी शेजारी लावून साहेबांपुढे ठेवले. रागाने काही बोलू नकोस, फक्त फरक मोजून दाखव, असे आम्ही त्याला बजावले होते. साहेबांनी दोन दिवसांच्या वेळा बोटांवर मोजल्या, मग फोन उचलून डबे बसवणाऱ्या माणसाला बोलावले. चूक अर्ध्या तासात दुरुस्त झाली. पुढच्या पगारात पंधरा दिनार परत आले.

आम्हाला आनंद झाला. पण पुढच्या शुक्रवारी भाच्याने जे सांगितले त्याने तो आनंद उतरला. नवे डबे आणखी दोन गाड्यांत बसवले होते. त्यांचे चालक, एक मिसरचा आणि एक केरळचा, यांचेही पैसे कापले गेले होते. दोघांनीही तोंड उघडले नव्हते. मिसरच्या चालकाचे पैसे आता मिळाले. केरळच्या माणसाचा करार मात्र कंपनीने ‘विश्वासू नाही’ म्हणून वाढवला नव्हता, आणि तो पंधरा दिवसांपूर्वीच घरी गेला होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. येथे तर चोर कोणी नव्हताच.

‘त्याला कोणी कळवले का?’ आम्ही विचारले.

‘साहेब म्हणाले, त्याचा नंबर आता नाही.’ भाचा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘मावशी, त्याची व्हॅन आता माझ्याकडे आहे. तिच्या पडद्यावर त्याचा फोन अजून जोडलेला दिसतो. त्यात “घर” म्हणून एक नंबर आहे.’

इतका वेळ आम्ही तुम्हाला सांगत होतो की अशी यादी सापडली तर वाचू नये, पुसून टाकावी. त्याला मात्र आम्ही म्हटले, ‘आधी त्या घरी फोन कर. तुमचा माणूस खरा होता, एवढे सांग. त्याचे नाव कागदावरून धुऊन निघाल्याचे साहेबांकडून लिहून घे आणि ते पाठवून दे. मग पूस.’

त्याने फोन केला. मल्याळममध्ये कोणी वृद्ध स्त्री बोलत होती. तिला त्याचे हिंदी कळेना, त्याला तिचे मल्याळम कळेना. शेवटी तिने नातवाला बोलावले. मुलगा शाळेत शिकणारा होता, त्याला इंग्रजी येत होते. भाच्याने त्याला तीन तासांचे गणित समजावून सांगितले. मुलगा म्हणाला, ‘थांबा, मी लिहून घेतो.’